महिने मोजले, रक्त कोणी मोजले?

धागा दीर्घ आहे. सवड काढून वाचावा.

गर्भपाताचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कायद्याची कलमे असतात, समित्या असतात, महात्मा फुले आणि र. धों. कर्वे असतात. गर्भपात झाल्यावर बाईच्या अंगावरून किती दिवस जात राहते आणि तिची पाळी पुन्हा केव्हा येते, एवढे मात्र त्यात नसते. हा भाग 'वैद्यकीय' म्हणून डॉक्टरांच्या दारात सोडायचा आणि उरलेल्याला इतिहास म्हणायचे, अशी सोयीची वाटणी आपण करून घेतली आहे. माझा वाद या वाटणीशी आहे. खानदेशात, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात, या वाटणीची किंमत आजही बायका मोजत आहेत. ती कशी, हे सांगण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, अशौचाच्या प्रकरणात, एक श्लोक आहे. त्याचा पूर्वार्ध गर्भस्रावाविषयी आहे : गर्भ जितक्या महिन्यांचा, तितक्या रात्रींनी स्त्री शुद्ध होते. उत्तरार्ध रजस्वलेविषयी आहे : रज थांबले की स्नानाने ती शुद्ध होते. दोन्ही रक्तस्राव एकाच श्लोकात शेजारी बसवले आहेत, पण त्यांचे माप वेगळे आहे. पाळीच्या बाबतीत स्मृतिकार निदान रक्त थांबण्याची वाट पाहतो. गर्भस्रावाला तेवढीही सवलत नाही. महिन्यांची संख्या घेतली, तितक्या रात्री मांडल्या, हिशेब मिटला. तीन महिन्यांचा गर्भ गेला तर तीन रात्री. चौथ्या दिवशी तिला रक्त जात असेल का, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही, कारण विषय शुद्धीचा आहे, प्रकृतीचा नाही.

वैद्यांची परंपरा निराळी आहे. सुश्रुतसंहिता चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेल्यास त्याला 'स्राव' म्हणते आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गेल्यास 'पात'. कारण तोवर गर्भाचे शरीर घट्ट झालेले असते. भेद शारीरिक आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर याहून मोलाची गोष्ट आहे. बाळंतिणीचे पथ्य दीड महिना पाळावे, आणि पुन्हा आर्तव दिसले की तिचे 'सूतिका' हे नाव सुटते, असे तो सांगतो. शरीर सावरले की नाही याची खूण त्याने पंचांगात न शोधता शरीरातच शोधली. आज बाळंतिणीला सहा आठवड्यांनी तपासणीस बोलावतात. दीड महिना म्हणजे जवळजवळ तेवढेच दिवस.

(येथे 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' अशी आरोळी ठोकण्याचा मोह ज्यांना होईल त्यांनी क्षणभर थांबावे. वाग्भट बाळंतपणाविषयी बोलतो आहे, गर्भपाताविषयी नव्हे. जंतुसंसर्ग त्याला ठाऊक नव्हता. त्याचे श्रेय इतकेच की तो बाईकडे पाहून बोलला.)

मग घराघरांत या दोघांपैकी कोणाचे चालले? स्मृतीचे. कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसायचे, पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीशी यायचे, ही चौकट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आता लपवून केलेल्या गर्भपाताचा विचार या चौकटीत करून पाहा. पहिले चार दिवस विटाळाचा आडोसा मिळतो. रक्त पाळीचे म्हणून खपते. पण गर्भपातानंतरचे रक्त चार दिवसांचे नसते. ते आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे, थेंब-थेंब तर महिनाभरही जाऊ शकते. पाचव्या दिवशी न्हाऊन आलेल्या, आणि तरीही रक्त जात असलेल्या बाईला त्या घरात जागाच उरत नाही. बाजूला बसली तर संशय, कामाला लागली तर घेरी. विटाळावर आपण पुष्कळ लिहिले आहे. त्या चार दिवसांच्या मापात न मावणाऱ्या रक्तावर लिहिलेले मला फारसे आढळले नाही.

इंग्रजी अमलात हे रक्त विटाळ होते ते पुरावा झाले. १८६० ची भारतीय दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३१२ नुसार, बाईचा जीव वाचवण्याच्या सद्हेतूने केलेला नसेल तर गर्भपात हा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटातील गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. बाईने स्वतःचा गर्भ स्वतः पाडला तरी ती गुन्हेगार. पाहा, येथेही माप महिन्यांचेच. मनूने महिन्यांवरून रात्री ठरवल्या, दंडसंहितेने हालचालीवरून वर्षे ठरवली.

त्या काळात न्यायवैद्यकाचे ग्रंथ तयार झाले. नॉर्मन चेव्हर्सचा ग्रंथ १८५६ चा, जयसिंग मोदींचा १९२० चा. पोट पाडण्यासाठी काय काय वापरतात याच्या याद्या या परंपरेत येतात : चित्रकाची मुळी, बिब्ब्याचे तेल, कण्हेरीचे मूळ. तिन्ही वस्तू खानदेशच्या रानात आणि बांधावर सहज मिळणाऱ्या. चित्रक आणि बिब्बा कातडीवर फोड आणतात, कण्हेर हृदयाला घातक. त्यांनी आत काय होत असेल याची कल्पना करता येते. अशा बाईने रक्त थांबत नाही म्हणून सरकारी दवाखान्याची पायरी चढावी तर तेथे ती रुग्ण होण्याआधी आरोपी होणार. रक्त वाहत असताना गप्प राहणे हा तिच्यापुरता शहाणपणाचाच मार्ग होता. या मौनाला 'अज्ञान' म्हणणाऱ्या लेखकांनी कलम ३१२ पुन्हा एकदा वाचावे.

त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठाणे धुळे. पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी १९०६ ची. तापीच्या काठाने खाली गेले की सुरत, आणि पूर्वेची शीव ओलांडली की बुलढाणा. ही दोन्ही गावे एका खटल्याने जोडली गेली. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, लपवून जन्म दिलेल्या मुलाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली. मुंबईच्या हायकोर्टाने फाशी रद्द करून काळ्या पाण्याची शिक्षा दिली. वृत्तपत्रांनी विधवांच्या नीतीवर रकाने भरले. त्या गदारोळाला बुलढाण्याहून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले. हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. मला यात सलते ते हे : विजयालक्ष्मीचा खटला बालहत्येचा होता, म्हणजे ती नुकतीच बाळंत झालेली बाई होती. ओली बाळंतीण. तिला फासावर द्यावे की काळ्या पाण्यावर धाडावे, यावर सारी इलाखाभर चर्चा; तिच्या अंगात रक्त किती उरले होते, हे विचारणारा त्या रकान्यांत कोण होता?

फुल्यांनी १८६३ साली पुण्यात काढलेले बालहत्याप्रतिबंधकगृह या पार्श्वभूमीवर पाहावे. आपण त्याला करुणेचे कार्य म्हणतो, ते आहेच. पण त्याहून साधी गोष्ट अशी की तेथे बाईला बाळंत होऊन पडून राहता येत होते. रक्त जाईपर्यंत निजायला जागा, एवढेच. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले सोसले. त्यांनी शरीराबद्दल उघड भाषा मराठीत आणली. ती भाषा खेड्यात पोचली नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

स्वातंत्र्यानंतर पाहा. १९६४ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली. अध्यक्ष महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९६६ च्या अखेरीस आलेल्या अहवालाने अंदाज बांधला : पन्नास कोटींच्या देशात वर्षाला ६५ लाख गर्भपात, त्यांतील ३९ लाख घडवून आणलेले. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला, १ एप्रिल १९७२ पासून अमलात. कायदा मोठा आहे; त्याने जीव वाचवले यात शंका नाही. पण त्याची रचना नीट पाहा. बाईला हक्क दिलेला नाही, डॉक्टरला संरक्षण दिलेले आहे. मोजायचे पुन्हा आठवडेच : आधी २० पर्यंत, २०२१ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट गटांसाठी २४ पर्यंत. गर्भाचे वय काटेकोर. नंतरच्या बाईचे काय, ते डॉक्टरच्या मर्जीवर.

कायद्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याकडे गर्भपात म्हणजे 'क्युरेटिंग', बायकांच्या भाषेत 'पिशवी धुणे'. धातूच्या धारदार चमच्याने गर्भाशय आतून खरवडायचे. चीनमध्ये १९५८ पासून शोषणाची पद्धत होती, ती पुढे जगभर मान्य झाली. जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याची पद्धत सोडून द्या असे स्पष्ट सांगते. खरवडण्याचा एक परिणाम जोसेफ ॲशरमन याने १९४८ मध्येच वर्णन केला होता : आतले अस्तर खोलवर दुखावले तर गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पाळी कमी होते किंवा बंद पडते. पाळी परत न येण्याला असे ठोस, यांत्रिक कारण असू शकते. ते न सांगितल्यास बाई पापाची शिक्षा म्हणून ते भोगते, आणि घरचेही तसेच समजतात.

मग २००२ मध्ये भारतात मिफेप्रिस्टोनला परवानगी मिळाली. सुई नाही, चमचा नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे सुमारे एक कोटी चौदा लाख बायकांना रक्तस्राव झाला तो घरी, आणि चारांपैकी जवळजवळ तिघींजवळ त्या वेळी विचारायला डॉक्टर नव्हता. इतिहासातले हे केवढे मोठे स्थित्यंतर! आपल्या धाग्यांत त्याचा उल्लेख कुठे आहे?

आता खानदेश. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२. हा आकडा खरा आहे आणि त्याची लाजही खरी आहे. केळी, कापूस, ठिबक यांनी सधन झालेल्या जिल्ह्याने सोनोग्राफीचे यंत्र कशासाठी वापरले ते त्यातून दिसते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा. त्यांची कडक अंमलबजावणी व्हायलाच हवी होती.

परंतु मोहिमेने शब्द कोणता निवडला? 'भ्रूणहत्या'. हा साधा शब्द नाही. धर्मसूत्रांत 'भ्रूणहा' महापातक्यांच्या पंगतीत बसतो, आणि 'भ्रूण' म्हणजे गर्भ की वेदज्ञ ब्राह्मण यावर टीकाकारांत मतभेद आहेत. ब्रह्महत्येच्या तोडीचा हा शब्द आपण फलकांवर, शाळांच्या भिंतींवर, एसटीच्या पाठीवर रंगवला. 'लिंगनिदान हा गुन्हा' हे वाक्य मागे पडले आणि 'पोट पाडणे हा गुन्हा' एवढेच लोकांच्या मनात उरले. औषध दुकानांवर धाडी सुरू झाल्या तशा गोळ्या ठेवणेच अनेकांनी सोडले. ज्यांनी ठेवल्या त्यांनी बिलाविना, कागदाविना विकल्या. कागद नाही म्हणजे सूचनाही नाहीत.

यातला तर्कदोष तर पाहा. सोनोग्राफीत लिंग भरवशाने कळायला बारा-तेरा आठवडे उलटावे लागतात. गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांसाठी आहेत. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणाऱ्यांचे साधन गोळी नव्हतेच. गोळी हे तीन लेकरांच्या आईचे, साधन फसलेल्या नवविवाहितेचे, फसवल्या गेलेल्या मुलीचे साधन होते. गुन्हा यंत्रवाल्याने केला आणि पहारा गोळीवर बसला. परिणाम कलम ३१२ च्या काळासारखाच झाला : रक्त जाते आहे, पण विचारायची चोरी.

म्हणून जे विचारता येत नाही ते येथे लिहितो. इतिहासाच्या धाग्यात हे कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद दोनदा वाचावेत.

गोळ्यांच्या पद्धतीत दुसऱ्या औषधानंतर काही तासांत जोराचा रक्तस्राव होतो, गाठी पडतात, पोटात कळा येतात. गर्भ बाहेर पडला की ओसरतो. नंतर साधारण दोन आठवडे पाळीसारखे किंवा त्याहून कमी जात राहते. काहींना महिनाभर थेंब-थेंब. शोषणपद्धतीनंतर सहसा याहून कमी. मध्येच थांबून पुन्हा सुरूही होते. हे सारे नेहमीचे. नेहमीचे नाही ते असे : सलग दोन तास, दर तासाला दोन मोठी पॅडे पूर्ण भिजणे, चोवीस तासांहून अधिक टिकणारा ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढत जाणारी पोटदुखी, घेरी. गोळ्या घेऊनही रक्त अजिबात न जाणे हेही धोक्याचेच. गर्भ वाढत असू शकतो किंवा गर्भनलिकेत असू शकतो. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पाळी साधारणपणे चार ते आठ आठवड्यांत परत येते. पहिली पाळी थोडी अधिक जाऊ शकते. आठ आठवडे उलटूनही आली नाही तर तपासणी हवी : पुन्हा दिवस गेले असतील, गर्भपात अपुरा राहिला असेल, क्वचित ॲशरमनने सांगितलेले चिकटणे असेल. लघवीची घरगुती चाचणी पहिले काही आठवडे फसवते, कारण गर्भारपणाचे संप्रेरक रक्तातून उतरायला वेळ लागतो. आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट : बीज पाळीच्या आधी सुटते. आठ-दहा दिवसांतही सुटू शकते. 'पाळी आली नाही, म्हणजे काही भीती नाही' हा समज जितक्या बायकांना पुन्हा त्याच दारात आणून उभा करतो, तितक्या बायकांना कोणतेही पातक आणत नसेल.

खानदेशात या ज्ञानाची निकड अधिक आहे, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (५४.२ टक्के) दाखवले. धुळे, नंदुरबार आणि जळगावातून ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी दक्षिण गुजरातेत जातात. यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरात या खानदेशी मजुरांचा दीर्घ अभ्यास केला आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल दोघांच्या नावावर. बाई आडवी झाली तर अर्धा कोयता बंद. त्या झोपडीत दोन आठवडे जाणारे रक्त कुठे ठेवायचे? अशा दुर्लक्षित रक्ताचे टोक बीडमध्ये दिसले. ऊसतोड बायकांची गर्भाशयेच मोठ्या संख्येने काढली गेल्याची २०१९ मध्ये चौकशी झाली. रक्ताचा त्रास समजून घ्यायला वेळ नव्हता, पिशवी काढून टाकायला होता.

कोणी मोजलेच नाही असेही नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला : ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. राणीताईंचे 'कानोसा' हे मराठी पुस्तक बायका आपल्या शरीराबद्दल काय समजतात आणि काय बोलतात ते ऐकून लिहिले आहे. माझ्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे ते साधन आहे, आरोग्याच्या कपाटात ठेवून द्यायचे पुस्तक नव्हे. जळगाव-धुळ्यासाठी असे काम करू इच्छिणाऱ्या तरुण अभ्यासकांना मोडी शिकण्याआधी आजीशी बोलावे लागेल. आणि आजी 'पोट पाडले' म्हणणार नाही. 'दोन महिने चुकले होते, मग आली' म्हणेल. रजःप्रवर्तिनी या नावाची वटी आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे. अडलेली पाळी आणणे आणि गर्भ पाडणे यांमधली रेघ कित्येकदा जाणूनबुजून पुसट ठेवलेली असते. ती तशी का ठेवावी लागली, ते ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. वसाहतीचे ओझे उतरले म्हणून आपण ढोल वाजवले. कलम ३१२ चे कलम ८८ झाले. मजकूर जवळजवळ तोच, गर्भाच्या हालचालीचे मापही तेच, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाई अजूनही गुन्हेगारच.

या कलमाची भीती दाखवून कोणी दार लावत असेल तर त्याला १९७१ चा कायदा दाखवावा. जळगावात आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि ते फोडणाऱ्याला २०२१ च्या दुरुस्तीने शिक्षा ठेवली आहे. तरीही खिडकीतून कोणी 'मिस्टर कुठे आहेत?' असे विचारलेच, तर कोणत्या कलमाखाली विचारता, एवढे शांतपणे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हलू नये.